काच आणि जाळी

लॅबच्या सरकत्या खिडकीत, आतली काच आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये एक मधमाशी अडकली होती. रक्त तपासायला आलेला मी तिच्याकडेच बघत बसलो होतो.

अंगात कमी पडलेल्या टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा महिन्याभरात मी पुन्हा जिने चढायला लागलो, गुणगुणायला लागलो. मग रक्त दाट झालं. डोस कमी केला, तर भरदुपारी अंथरूण धरलं. वाढवला, तर पाठभर पुटकुळ्या आणि घरात सगळ्यांवर खेकसणं. “बंदच करू या का?” असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, “बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम सोडलंत तर पहिल्यापेक्षा जास्त गळून जाल.”

सोबत आलेल्या बायकोला माशीची दया आली. तिने उठून काच सरकवली. माशी मात्र उजेडाच्या बाजूला, जाळीवरच धडका देत राहिली.

“अहो, बघा ना, वेडीच आहे! मागे वाट मोकळी आहे की.”

मागे लॅबची अंधारी खोली होती. माझं नाव पुकारलं, तशी मी बाही वर सरकवली.