एकाच हाकेला ओ

माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचा. जळलेली मोटार उघडली की ती का जळली ते दिसतं. तांबं काळं पडलेलं असतं, बेअरिंग जाम असतं, नाहीतर कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार ठोकलेली असते. करणीनं जळलेली मोटार माझ्या दुकानात आजवर आलेली नाही. त्यामुळं भुताखेतांच्या असल्या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचो. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, उलटे पाय, पैंजण... गिऱ्हाईकांना मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि वर म्हणायचो, "या भुतांना आठ तास लोडशेडिंगमधे ठेवा, सुधारतील." आज मीच लिहायला बसलोय. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा, मला वाईट वाटणार नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, वडवणीपासून फार लांब नाही. नाव देत नाही, कारण जिथं हे झालं तिथं अजून लेकरं खेळतात. गाव संपलं की पेट्रोल पंप, पंपामागं पाझर तलावाचा बांध आणि बांधाच्या अलीकडं मुरमाड माळ. त्या माळावर स्केट पार्क आहे. हो, स्केट पार्कच. कुठल्या तरी योजनेत आला आणि झाला. गुळगुळीत काँक्रीटचे उतार, मधे खोल गोल खड्डा. पहिले काही महिने गावाला वाटलं पोहण्याचा हौद आहे. म्हातारी माणसं विचारायची, "पानी कवा सोडनार?" पाणी काही येईना, तेव्हा बायकांनी त्यात कुरडया वाळत घातल्या. कुरडयांना इतकी स्वच्छ जागा पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

मग बीडहून अक्षय सर म्हणून एक पोरगा दर रविवारी यायला लागला. लेकरांना चार चाकांच्या फळीवर उभं राहायला शिकवायचा. फळ्या, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड सगळं तिथल्याच लोखंडी पेटीत असायचं. माझी कोमल आठवीत होती. एकुलती एक. पहिल्याच रविवारी ती त्या फळीवर चढली आणि उतरायचं नाव घेईना. सुनीता, म्हणजे माझी बायको, लई कुरकुर करायची... पोरीच्या जातीनं हातपाय मोडून घेतले तर? मी म्हणायचो, मोडू दे, प्लास्टर काय फक्त पोरांसाठी असतं का. पण मनातून मलाही धाकधूक होती. म्हणून रविवारी दुकान बंद ठेवून मी तिथं जाऊन बसायचो.

पार्कच्या दारात नियमांचा बोर्ड होता. कुणी लिहिला देव जाणे, शुद्ध सरकारी मराठीत. शिरस्त्राण व गुडघारक्षक परिधान केल्याशिवाय प्रवेश निषिद्ध. ओल्या पृष्ठभागावर खेळू नये. कोमल मला विचारत होती, "पप्पा, शिरस्त्राण म्हंजी?" मी म्हटलं, "टोपलं." त्याच बोर्डावर हाही नियम होता: उतारावरून खाली येण्यापूर्वी एकदा मोठ्याने आवाज द्यावा, आवाज येताच खालील व्यक्तीने तत्काळ बाजूला व्हावे. साधा, शहाणपणाचा नियम. आणि आमच्या वस्तीवरच्या लेकरांना तोच पाळता येईना.

का येईना ते सांगतो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागचं. माझ्या आईचं सगळं आयुष्य रानात गेलं. आमच्यात लेकरू बोलायला लागलं की त्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ही... एका हाकेला ओ द्यायची नाही. रानात भर दुपारी तुमच्या नावानं हाक आली तर गप उभं राहायचं. माणूस असेल तर परत मारेल, तिसऱ्यांदाही मारेल. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं, असं आई सांगायची. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण सवय रक्तात मुरलेली. आमच्या घरात कुणीच कुणाला एकदा हाक मारत नाही. जेवायला बोलवायचं तरी "कोमे, कोमे, कोमे." सुनीता माजलगावकडची. लग्न करून आली तेव्हा तिला वाटलं होतं, हे सगळं घरच बहिरं आहे.

तर हौदात (त्या गोल खड्ड्याला गाव अजून हौदच म्हणतं) एक लेकरू खाली असायचं, वरून दुसरं आवाज द्यायचं, आणि खालचं हलायचंच नाही. सर घसा फोडून ओरडायचे. एकदा वरचं पोरगं कोमलच्या अंगावरच आलं, दोघांची कोपरं सोलली. सर चिडले. म्हणाले, "तुला आवाज दिला होता ना? ऐकू येत न्हाई का?"

कोमल म्हणाली, "आला की ऐकू, सर. पर एकदाच आला."

सर माझ्याकडं बघायला लागले. मी ओशाळून हसत सगळं समजावलं. सर भला माणूस. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, मग तीनदा द्या, त्यात काय. स्टार्टरच्या पेटीला मारायचा लाल रंग मी दुकानातून आणला आणि सरांनी बोर्डावरचं 'एकदा' खोडून 'तीनदा' लिहिलं. त्यानंतर तिथं कुणी कुणावर आदळलं नाही. बीडची पोरं यायची ती आधी फिदीफिदी हसायची, पण तीही मग तीनदाच ओरडायला लागली.

आता त्या रविवारचं.

उन्हाळा लागला होता. ऊन डोक्यावर यायच्या आत आटपायचं असं ठरलेलं, पण कोमलला मोठ्या उतारावरून एकदा तरी उतरायचं होतं. सर म्हणाले, एकच चान्स, मग घरी. तिनं हेल्मेटचा बंद सरांकडून तपासून घेतला. फळीचं मागचं टोक पायाखाली धरून ती काठावर उभी राहिली. तीनदा आवाज दिला. खाली कुणी नव्हतं. तिची मैत्रीण आरती मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. मी समोरच्या कठड्यावर बसून बाटलीनं पाणी पीत होतो.

आणि मी हाक ऐकली. "कोमे."

माझा आवाज होता तो. स्वतःचा आवाज ओळखू येत नाही म्हणतात, पण गिऱ्हाईकांना पाठवलेले व्हॉइस मेसेज ऐकून ऐकून मला माझा घोगरा आवाज चांगला माहीत आहे. बांधाच्या बाजूनं, तिच्या पाठीमागून आला. माझ्या तोंडाला बाटली होती. घोट घशातच होता.

कोमलनं मागं वळून "ओ" म्हटलं.

फळीचं पुढचं टोक तेव्हा हवेतच होतं. नजर मागं गेली, तोल गेला आणि ती पाठीवर खाली आदळली. मी कठड्यावरून कसा उतरलो, मला आठवत नाही.

ॲम्ब्युलन्समधे ती शुद्धीवर होती. हेल्मेटला नुसता चरा पडलेला, रक्त कुठंच नाही. मला बरं वाटलं... म्हटलं, वाचलो. तिनं माझा शर्ट धरला आणि विचारलं, "पप्पा, कावून हाक मारली?"

मी म्हटलं, "मी न्हाई मारली गं."

"मारली की. एकदाच मारली."

"मग ओ कावून दिली बाळा? एका हाकेला आपन देत असतो का?"

ती म्हणाली, "तुमचा आवाज हुता म्हनून."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. बीड यायच्या आत ती गप्प झाली. तिथून संभाजीनगरला नेलं. डोक्याचा स्कॅन, मणक्याचा स्कॅन, सगळं झालं. डॉक्टर मला स्क्रीनवर दाखवत होते, हे बघा, कुठं सूज नाही, कुठं रक्तस्राव नाही. मी म्हटलं, मग ती उठत का नाही? ते म्हणाले, वेळ द्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की त्यांनाही काही सापडत नाहीये. जळलेल्या मोटारीचं कारण सापडलं नाही की मीही गिऱ्हाईकाला असंच काहीतरी सांगतो.

आवाज फक्त मीच ऐकला असता तर मी मनाची समजूत घातली असती. पण सरांनी ऐकला. तिथल्या सगळ्या लेकरांनी ऐकला. सर नंतर दवाखान्यात येऊन रडले. म्हणाले, "दादा, रागवू नका, पण तुमी ऐन टायमाला हाक कावून मारली?" मी त्यांना आरतीचा व्हिडिओ दाखवला. त्यात मी दिसतो, मागं, कठड्यावर, तोंडाला बाटली लावलेली. कोमलनं उतरण्याआधी दिलेले तिन्ही आवाज नीट ऐकू येतात. मग वारा. मग ती वळते आणि "ओ" म्हणते. त्याआधी व्हिडिओत काहीच नाही. कुणाचीच हाक नाही. सरांनी तो परत परत बघितला आणि मोबाईल माझ्या हातात ठेवून निघून गेले. आता रविवारी दुसरं कुणीतरी येतं.

हौदात आवाज घुमतो, हे मलाही माहीत आहे. घुमायला आधी कुणालातरी ओरडावं लागतं ना. एखाद्या पोरानं माझी नक्कल केली म्हणावं तर ती व्हिडिओत यायला हवी. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. डोकं पार शिणून गेलं.

आई दवाखान्यात आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "एकदाच का?" मी मान हलवली. ती तिथंच फरशीवर बसली. मला वाटलं ती काहीतरी सांगेल, काही उपाय, काही अंगारा... मी केला असता. खरंच सांगतो, त्या दिवशी तिनं सांगितलं असतं तर मी काहीही केलं असतं. पण ती म्हणाली, "ओ दिल्यावर काय करायचं, ते आमाला कुनी शिकिवलंच न्हाई."

आता कोमल घरी आहे. डोळे उघडे असतात. भरवलं तर गिळते. कूस सुनीता बदलते. ऐकण्याची तपासणी झाली, कान चांगले आहेत. पण हाक मारली की ती बघत नाही. मी एकदा मारून बघितली, तीनदा मारून बघितली, कानाशी तोंड नेऊन मारली. सुनीतानं कपिलधारच्या देवस्थानाला जाऊन डोकं टेकवलं. मी सोबत गेलो, मीही टेकवलं. मला लाज वाटली नाही.

आणि दुपारी, घरात सगळं सामसूम असताना, ती "ओ" म्हणते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुनीता आनंदानं चुलीपासून पळत आली. "तुमी हाक मारली का? दिली का तिनं ओ?" मी काही बोललोच नव्हतो. मी तिच्या पायथ्याशी गप बसून होतो. त्या दिवशी सुनीताच्या तोंडावरचा आनंद गेला तो मी बघितला, आणि तसलं काही बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये असं मला वाटतं. तेव्हापासून हे जवळजवळ रोजचं झालंय. मी बोलतो तेव्हा तिला ऐकू येत नाही. मी गप असतो तेव्हा तिला माझी हाक ऐकू येते. माझीच असणार... नाहीतर ती एका हाकेला ओ देणारी पोरगी नाही.

मागच्या आठवड्यात ती "ओ" म्हणाली नाही. "आले, पप्पा," असं म्हणाली. स्वच्छ, पूर्वीसारखं. मी उशाशी होतो, तिचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, "कोमे, मी हितं हाय. कुटं निगालीस?" तिची नजर दाराकडं होती.

ज्यांना यातलं विज्ञान कळतं त्यांनी काय ते सांगावं, ज्यांना दुसरं काही कळतं त्यांनी ते सांगावं. खरं सांगायचं तर मला आशा फारशी नाही. दुकानाचं शटर मी आता उघडत नाही. दुपार झाली की तिच्याजवळ बसतो आणि बोलत राहतो. कुणाची मोटार जळली, कोण पैसे बुडवून गेलं, आरती काय विचारत होती, जे तोंडाला येईल ते. घसा पार बसलाय. पण बोलायचं बंद करता येत नाही. मधे नुसता श्वास घ्यायला थांबलो तरी तिची मान दाराकडं वळते.