दारातूनच परत

आमच्या डोंगरातल्या दवाखान्याची इंटरनेटची लाइन इतकी बारीक आहे, की नको असलेली मेल आधी आत घेऊन मग फेकणं परवडत नाही. म्हणून मी सर्व्हरला शिकवलंय: पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा, ओळखीचा नसला तर दारातूनच परत. मजकूर बघायचाच नाही.

आज दुपारी परत पाठवलेल्यांची यादी सहज चाळत होतो. लॉटरी, कर्ज, केसांचं तेल. मध्येच एका पत्त्यात शहरातल्या तपासणी लॅबचं नाव दिसलं. लॅबने मेलचा पत्ता बदलला होता. त्यांची मेल तीनदा आली होती, तीनदा आम्ही घालवली होती. आणि वॉर्डात तपासणीच्या रिपोर्टची वाट बघत पडलेल्या एका बाईंना मी रोज सांगत होतो, "रिपोर्ट अजून आला नाही."

लॅबला फोन करून रिपोर्ट पुन्हा मागवला. पण यादी कित्येक महिने मागे जाते. तिच्यात नुसते पत्ते आहेत. कोण काय सांगायला आलं होतं, ते कुठेच उरलेलं नाही.

सिस्टर खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "आणखी कुणाचं काही परत गेलं नाही ना हो?"

मी यादी वर सरकवत राहिलो.