पापण्यांना परवानगी

आखातात बरकाला आमच्या साइट ऑफिसात एक कोरियन इंजिनियर होता, पन्नाशीचा, आणि काय सांगू, माणूस एकदम भन्नाट! घरून त्याला शिळ्या कोरियन पेपरांचा गठ्ठा यायचा. चहा पार थंड होईपर्यंत हा बाबा लाल पेनानं त्यातल्या शब्दांना गोल करत बसायचा. मला वाटलं, शब्दकोडं सोडवतोय.

एकदा विचारलंच. तर मोडक्या इंग्रजीत म्हणाला, मुलीला नोकरीच्या इंटरव्ह्यूआधी पापण्यांचं ऑपरेशन करायचंय, डोळे मोठे दिसावेत म्हणून. ती माझ्या होकाराची वाट बघतेय. म्हणून असं ऑपरेशन करणाऱ्यांना पेपरवाले काय काय म्हणतात ते बघतोय.

"मग काय म्हणतात?"

"पोरीनं केलं तर नटवी. मोठ्या साहेबानं केलं तर नजर सुधारली. डोळा सेम, डॉक्टर सेम!"

मी लगेच त्याला आपल्या पेपरातली लग्नाची जाहिरात सांगितली. मुलगी गोरी हवी, नाकीडोळी नीटस हवी, आणि मुलाचं नुसतं शिक्षण!

तो टेबल बडवून हसला. "म्हणजे ऑपरेशनला नावं ठेवायची, आणि नाक मात्र रेडीमेड पाहिजे!"

मग त्यानं लगेच घरी मुलीला फोन लावला. बराच वेळ कोरियनमध्ये बोलणं चाललं. ठेवल्यावर म्हणाला, "मी कर म्हटलं. तर म्हणे इंटरव्ह्यू गेल्या आठवड्यातच झाला, नोकरीपण लागली. ऑपरेशन आता स्वतःच्या पगारातून करणार, आणि मला विचारणार नाही."

अख्खा गठ्ठा त्यानं माझ्या टेबलावर आदळला. "घे, मासळी गुंडाळायला!"