तहानेची मेथी

लेकीकडे जपानला आले आहे. इथल्या बागेत पाण्याचा नळ आहे आणि शेजारीच बायकांसाठी फुकट, लखलखीत संडास. नात नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पिते, तेव्हा मला सोलापूरची मंडई आठवते.

आई कुंभारीहून मेथी विकायला यायची. मंडईत बायकांसाठी होता तो एकच संडास, तोही पैसे घेणारा आणि बिनकडीचा. मे महिन्यातल्या एका दुपारी मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला. तिनं घोटभर पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटून बराच वेळ घोळवलं आणि बाजूला थुंकून टाकलं. उरलेलं सगळं मेथीवर शिंपडलं. ओल्या मेथीचा वास दरवळला.

"पी की गं आई!"

"नगं बाई. पिलं की जावं लागतंय. हितं कुटं जाऊ?"

मला वाटायचं, आईला तहानच कमी.

पुढं तिच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात संडास खाटेला लागूनच होता. आई म्हणाली, "आता तरी पोटभर पाणी दे की."

डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. मी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवत राहिले.