आरतीबाईंनी निवडलेला माणूस

भागवतकडे कामासाठी पोरगं आणलं की तो त्याचं शिक्षण-बिक्षण नंतर विचारायचा. आधी म्हणायचा, "गाडी काढ. फाट्यापर्यंत सोड मला." पोरगं बिचारं किक मारायचं. भागवत मागं बसायचा, एक हात पोराच्या खांद्यावर आणि नजर रस्त्यावर. गतिरोधकावर गाडी आपटली की उचलून नेली, समोरून उसाची ट्रॉली आली तेव्हा खांदा ताठला की नाही, म्हैस आडवी आली तर शिवी म्हशीला दिली की तिच्या मालकाला, एवढ्यावर निकाल लागायचा. फाट्यावर उतरून भागवतनं दोन चहा सांगितले म्हणजे पोरगं पास. "मला जरा काम हाय, तू हो म्होरं" म्हणाला म्हणजे नापास.

हसणारे हसायचे. त्याची बायको पुष्पावती तर पहिल्यापासून हसायची. "माझ्या बापानं बी लग्नाआधी तुमच्या मागं बसून बघाया पायजे हुतं," असं ती चारचौघांत म्हणायची आणि भागवत ते कौतुक समजून मिशीत हसायचा. पण सुप्याच्या एमआयडीसीत कुठल्याही कारखान्याच्या गेटवर जेवणाच्या सुट्टीत उभं राहा. डबा उघडून बसलेल्या पोरांत दोन-चार तरी भागवतनं चिकटवलेली निघणारच. तो स्वतः कंपनीचा कुणी नव्हता. ठेकेदाराचा माणूस, एवढीच त्याची ओळख. ठेकेदार नगरला बंगल्यात बसायचा आणि माणसं भागवत पुरवायचा.

त्याचं मूळ गाव पाथर्डीच्या डोंगराकडचं. आई-बाप ऊसतोडीला जायचे, तोही त्यांच्या मागं कारखान्या-कारखान्यावर वाढला. जाणता झाल्यावर सुप्यात एका शेडचे पत्रे चढवायला म्हणून आला आणि शेड उभी राहिली तरी परत गेला नाही. मग चुलतभावाला आणलं, मग चुलतभावाच्या मेव्हण्याला. असं करत करत दसऱ्यानंतर ऊसतोडीपायी ज्या घरांना कुलूप लागायचं, त्या घरांतली पोरं निळा शर्ट घालून पाळीला जायला लागली. गावात त्याला यामुळं जो मान होता तो सरपंचालाही नव्हता. भागवत जत्रेला आला की म्हाताऱ्या पोरं पुढं करायच्या आणि तो लग्नातल्या मामासारखा एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत चालायचा.

खरोखरीचा मामा तो एकाचाच होता. थोरली बहीण रंगुबाई, तिचा अंगद. आयटीआय झालेला, मागं बसून बघितलेला, चहा पाजलेला. त्याची सुपारी फुटली होती ती भागवतच्या शब्दावर. मुलीच्या बापानं बैठकीत स्वच्छ विचारलं होतं, "पोरगा कंपनीत लागला का लागनार हाय?" आणि भागवतनं मांडीवर थाप मारून सांगितलं होतं, "लागला समजा. त्यात बदल झाला तर भागवतचं नाव टाका." अशी वाक्यं बोलताना माणसाला फार बरं वाटतं.

त्यानंतर आठवडाभरातच त्याला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीतून बोलावणं आलं. तिथं भरतीचं काम मोनिका मॅडम बघायच्या. मॅडम तशा सरळ, भागवतला खुर्ची देणाऱ्या.

"भागवतराव, या वेळी पोरं घेऊन गेटवर येऊ नका," मॅडम म्हणाल्या. "त्यांना हा नंबर द्या. फक्त मिसकॉल द्यायचा. मग आरतीचा फोन येईल, ती मुलाखत घेईल."

"आरती कोन? नव्या मॅडम आल्यात का?"

"मॅडम नाही हो. एआय आहे. कॉम्प्युटर. तोच मराठीत बोलतो, तोच ऐकतो, तोच मार्क देतो."

भागवतनं मॅडमच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती.

"आन मी?"

"तुम्ही नंबर द्यायचा ना पोरांना."

नंबर द्यायचा! नंबर काय, पानटपरीवाला पण देईल. पंधरा वर्षं ज्याच्या हाताखालून माणसं आत गेली, त्याला आता चिठ्ठी चिकटवायचं काम. घरी येऊन भागवत पंख्याखाली बसला. पुष्पावतीनं दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "मशीन मानूस निवडनार हाय म्हनं. आगं, त्याला मागं बसता येतं का गाडीवर?"

पण शब्द गेलेला होता, आणि भागवत हात बांधून बसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं अंगदला बोलावून घेतलं आणि त्याच्याबरोबर गावातली आणखी सात पोरं. आठ पोरं त्याच्या एका खोलीत पाय पोटाशी घेऊन बसली. पुष्पावतीनं पोह्यांची परात मधे ठेवली. भागवतनं ठरवलं होतं, की आधी आपण स्वतः मिसकॉल देऊन बघायचं. पेपर कसा निघतो ते कळलं की पोरं तयार करायला किती वेळ लागतो? दहावीला नाही का आपण गाईड पाठ करून सुटलो. (तो सुटला नव्हता, पण ते असो.)

मिसकॉल दिला. मिनिटभरात फोन वाजला. भागवतनं स्पीकर चालू केला, अंगदनं आपल्या मोबाईलवर रेकॉर्डिंग.

"नमस्कार. मी आरती बोलत आहे," बाईचा आवाज आला. इतकी शुद्ध मराठी की पोरं आपोआप मांडी सावरून बसली. "आपण मुलाखतीस तयार आहात का?"

"व्हय बाई. करा सुरू."

बाईनं नाव विचारलं, गाव विचारलं, आधी काय काम केलं ते विचारलं. भागवतनं सगळं जसंच्या तसं सांगितलं; खोटं सुचायला वेळच मिळाला नाही. मग बाई म्हणाली, "आपल्या सहकाऱ्यांमध्ये वाद झाल्यास आपण काय कराल?"

इथं मात्र भागवत रंगात आला. "आधी चहा पाजतो बाई. चहा पिताना कुनी भांडत न्हाई. मग येकयेकाला बाजूला घेऊन इचारतो. तरी न्हाईच मिटलं तर आमच्या घरी नेतो. आमची पुष्पावती म्हनती, दोघांनाबी येका ताटात वाढा, कोन हात आखडतं त्याच्यावरनं कळतं चूक कुनाची हाय."

पोरं खो-खो हसली. पुष्पावतीनं आतून "माझं नाव कशाला घेताय त्या बाईम्होरं" म्हणून हाक दिली. आरतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी "धन्यवाद" म्हणून पुढचा प्रश्न घातला.

फोन संपला. भागवतनं परातीतले उरलेले पोहे तोंडात टाकले आणि हुकूम सोडला, "हेच पाठ करायचं. आपापलं नाव तेवढं बदला. बाकी कान्यामात्रेचा फरक न्हाई पायजे. मशीन हाय ती, तिला अक्कल न्हाई. येकदा बरोबर वाटलं ते आठ येळा बरोबर वाटंल."

दोन दिवस खोलीत शाळा भरली. रेकॉर्डिंग वाजायचं आणि पोरं मागून म्हणायची. भागवत हातात पट्टी असल्यासारखा फेऱ्या मारायचा. तिसऱ्या दिवशी आठही जणांनी पाळीपाळीनं मिसकॉल दिले आणि एकही अडखळला नाही. भागवतनं रंगुबाईला फोन लावला. "आक्का, मांडवाचं बघ आता."

मॅडमचं बोलावणं आलं तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

मॅडमनी खुर्ची दिली, पण हसल्या नाहीत. "भागवतराव, तुमची आठही पोरं नापास."

त्याला वाटलं, आपल्याला ऐकू कमी आलं. "आठ पास?"

"नापास. नुसती नापास नाहीत. फसवणूक म्हणून शेरा पडलाय. वर्षभर त्या नंबरांवरून अर्जच घेणार नाही."

मॅडमनी कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला आणि एक-एक आवाज लावला. पहिल्यांदा अंगद. नगरच्या बसस्टँडवर सूचना देतात तशा सुरात तो म्हणत होता, "आधी चहा पाजतो बाई... आमची पुष्पावती म्हनती, दोघांनाबी येका ताटात वाढा." मग दुसरा. "आमची पुष्पावती म्हनती." मग तिसरा, एकोणीस वर्षांचा, ओठांवर नीट मिसरूड नसलेला. "आमची पुष्पावती म्हनती."

"भागवतराव," मॅडम म्हणाल्या, "या आठ जणांना एकच बायको आहे का?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर भागवतनं कॉलर धरली असती. इथं त्याला कान लाल होऊन बसून राहण्यापलीकडं काही करता आलं नाही. नाव बदला म्हणताना बायकोचं नाव बदलायचं राहिलं होतं. आणि पोरं तरी काय, सांगितलं तेवढंच करणारी! कान्यामात्रेचा फरक नको म्हणाला होता ना तो?

"चूक माझी हाय मॅडम," तो कसाबसा म्हणाला. "आंगदचं तेवढं बघा. त्याचं लगीन हाय."

"माझ्या हातात असतं तर बघितलं असतं. मला ते बटणच ठेवलेलं नाही." मॅडमनी पडद्यावर खाली बोट फिरवलं आणि थांबल्या. "पण नववा उमेदवार पास आहे. शंभरात सगळ्यांत वर. 'भांडण मिटवण्याची क्षमता उत्तम, उत्तरं अस्सल' असं लिहिलंय. नंबर ओळखीचा वाटतोय मला."

भागवतनं पुढं वाकून बघितलं. नंबर त्याचाच होता.

"ह्ये काय हाय?" त्याचा आवाज चिरकला.

"ट्रेनी ऑपरेटर. सोमवारी सकाळी आधार कार्ड घेऊन हजर व्हायचं."

"मॅडम, मी चव्वेचाळीसचा हाय! मी मानसं आननारा हाय, मी नुसतं... पोरांना दाखवाया मिसकॉल दिल्ता!"

"तिला काय माहीत? वयाची अट काढून टाकलीय कंपनीनं. तिनं विचारलं, तुम्ही खरं सांगितलं, तिनं घेतलं."

पंधरा वर्षांत भागवतला कुणी निवडलं नव्हतं. निवडायचा तो. आपण पलीकडच्या बाजूला कधी गेलो, हेच त्याला कळेना. मग तो म्हणाला, "ती जागा आंगदला द्या. मी न्हाई म्हनतो."

"नाही होणार." मॅडमनी दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "एक वाट आहे. बाहेरच्या माणसाची शिफारस आता चालत नाही, ठेकेदाराचीसुद्धा. पण कंपनीतल्या कामगाराला तीन महिन्यांनी एका नातेवाइकाचं नाव देता येतं. मग तो शेरा पुसून पुन्हा मुलाखत घेतात. नोकरीची खात्री नाही, फोनची आहे."

"म्हंजी भाच्याचं नाव द्यायला मी आधी कामगार व्हायचं?"

"हो."

"आन तुमी हितं असताना बी दुसरी वाट न्हाई?"

मॅडमनी कॉम्प्युटर पुन्हा आपल्याकडं वळवला. "माझं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. मागच्या आठवड्यात मलाही तिचाच फोन आला होता. वाद झाल्यास काय कराल, मलाही विचारलं."

"मंग? काय झालं?"

"अजून निकाल नाही."

भागवतला मॅडमना चहा पाजावासा वाटला, पण ते ऑफिस त्यांचं होतं. तो उठून आला.

घरी रंगुबाई आधीच येऊन बसली होती. पोराच्या मोबाईलवर पास-नापासांची यादी तिच्याआधी पोचली होती, आणि कोण पास झालं तेही त्यात होतं. अंगद भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"भागवता," ती म्हणाली, "माझ्या लेकराचं ताट वढून तू जेवाया बसलास व्हय रं?"

"आक्का, तसं न्हाई. ती मशीन—"

"मशीनला काय भाचा हाय? तुला हाय ना!"

भागवतनं सगळं सांगितलं. मिसकॉल, तीन महिने, शिफारस. पुष्पावती मधे पडली, "वन्सं, माझी तर आठ घरी अब्रू गेली, मी काय बोलू!" पण रंगुबाईला हसू आलं नाही आणि पुष्पावतीलाही नाही. असल्या गोष्टीवर ती हसली नाही, हे भागवतनं पहिल्यांदाच बघितलं.

मग मुलीच्या बापाला फोन भागवतनं स्वतःच लावला. काही लपवलं नाही. मग सोयरे म्हणाले, "आमाला वाटलं तुमीच कंपनी हाय."

"मलाबी तसंच वाटत हुतं."

"तीन म्हैने थांबतो. पर मदी दुसरं चांगलं ठिकान आलं तर आमाला बोल लावू नका."

"न्हाई लावत."

फोन ठेवल्यावर अंगद पहिल्यांदा वळला. "मामा, तुमी खरंच लाईनीवर हुबं ऱ्हानार? आठ तास? पाय धरत्याल."

"धरू दे. तवर तू बोलाया शीक. सोताचं."

निघताना रंगुबाईनं पिशवीतलं शेंगदाण्याच्या लाडवांचं पुडकं काढलं, थोडा वेळ हातातच धरलं आणि शेवटी भागवतच्या पुढ्यात न ठेवता चुलीशेजारी ठेवलं.

सोमवारी भागवत डबा घेऊन गेटवर गेला. पहाऱ्यावर श्रीमंत होता. या गेटावर त्याला उभं केलं होतं ते भागवतनंच. भागवतला बघून तो नेहमीसारखा खाडकन उठला, सलाम ठोकला आणि आतल्या खुर्चीवरची धूळ झटकायला लागला.

"या या भागवतराव! किती पोरं आनली आज?"

"येकच हाय," भागवत म्हणाला आणि खिशातनं आधार कार्ड काढलं.

श्रीमंत मान वाकडी करून त्याच्या मागं पोरगं शोधायला लागला.