भिकूनानांची वाचा

बांद्याला एसटी उशिरा आली की बाकीचे प्रवासी कंडक्टरशी भांडत. भिकूनाना मात्र गाडीपुढे हात जोडून खणखणीत आवाजात म्हणत, "बा एष्टी म्हाराजा, आज तुका उशीर जालो, तो कित्या जालो ता तुकाच म्हायत. पन उद्या येळार ये रे म्हाराजा." अख्खा स्टँड ओरडे, "व्हय म्हाराजा." त्यात कंडक्टरही असे.

आमच्या गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान नानांचा. काजूची बाग आणि भाताची जमीनही होती, पण तिकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. मी त्यांचा शेजारी, निवृत्त मास्तर. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत मी पुढे.

गेल्या जत्रेत नाना गाऱ्हाण्याच्या मधोमध थांबले. ओठ हलत होते, शब्द फुटेना. उजव्या हातातला नारळ निसटला. नाना दम खाताहेत असं समजून आम्ही शहाण्यांनी त्या रिकाम्या जागेतही "व्हय म्हाराजा" ठोकून दिलं. मिनिटाभरात वाचा परत आली. घरी जाताना नानांनी माझा हात धरला. "मास्तरानू, शब्द खंय गेले माकाच कळाक नाय. पन ह्या कोणाक सांगू नकात. लोक मान दुसऱ्याक देतले." मला देवाची शपथच घातली.

महिन्याभराने नानांच्या छातीत दुखलं. गोव्यातल्या हॉस्पिटलात बायपास ठरली. सोबत मी होतो. डॉक्टरांनी विचारलं, "मध्येच कधी बोलणं अडलं होतं? हातातलं बळ गेलं होतं?"

"छे," नाना म्हणाले.

"आठवून सांगा. ऑपरेशनच्या वेळी रक्तवाहिनीतला एखादा कण सुटून मेंदूत गेला, तर लकवा होतो. वाचाही जाऊ शकते. आधी कळलं तर हा धोका बराच कमी करता येतो."

नानांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी घाबरत घाबरत नारळासकट सगळं सांगून टाकलं.

मानेची सोनोग्राफी झाली. डावी रक्तवाहिनी चांगलीच अरुंद झालेली निघाली. डॉक्टरांनी बेत बदलला: आधी मानेची वाहिनी साफ करायची, बायपास काही आठवड्यांनी. तीही हृदय धडधडत ठेवून, आणि हृदयातून निघणाऱ्या कडक झालेल्या मोठ्या वाहिनीला चिमटा न लावता, म्हणजे तिथूनही कण सुटायला नको.

ते सगळे आठवडे नाना माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो की बायकोला, आमच्या काकींना, सांगत, "शपथ मोडणाऱ्याक च्या दी." चहा मात्र चुकला नाही.

बायपासनंतर वॉर्डात आणल्यावर डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला लावले. दोन्ही सरळ वर गेले. "आता काहीतरी बोला, नाना."

नानांनी आधी माझ्याकडे रोखून पाहिलं.

मग वर गेलेले तेच हात जोडले गेले. आवाज बारीक होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ. "बा देवा म्हाराजा, ह्या मास्तरान तुझी शपथ मोडल्यान. पन मोडल्यान म्हणान माझी वाचा रवली. तेका माफ कर, आणि माझो राग पोटात घे रे म्हाराजा."

पलीकडच्या खाटांवर आमच्याच भागातले दोघे होते. दोघेही पडल्या पडल्या म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आयुष्यात पहिल्यांदाच मला ते म्हणायला उशीर झाला.