दुकान बंद असलेले नऊ दिवस

वंग चिन-थांग यांनी चियाई शहरातल्या हवामान केंद्रात एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्या एकतीस वर्षांत कधी एखाद्या ढगात त्यांना हत्ती-घोडा दिसला नाही. ठरलेल्या वेळी बाहेर यायचं, पारा बघायचा, वारा कुठून येतोय ते बघायचं आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच वहीत उतरवायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात गारा, धुकं, वीज. स्वतःचं मत नाही. निवृत्त झाल्यावर माणसाची वही सुटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती काही सुटली नाही, फक्त तिच्यात आभाळाच्या जोडीला बेसबॉल आला.

कोणत्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, किती डाव टाकले, किती धावा दिल्या, डावखुऱ्या बॅटरसमोर त्याचं काय होतं, हवा दमट असली की काय होतं, वारा मैदानाबाहेर वाहत असला की काय होतं, सगळं रोज सकाळी वर्तमानपत्र पसरून उतरवायचं. अकरा वर्षांत तेवीस वह्या झाल्या. जुन्या सवयीने त्यात दुपारचं जेवणही लिहिलेलं असायचं, 'टर्की-भात' म्हणून. एवढ्या अभ्यासानंतर वंगकाका कोपऱ्यावरच्या परवानाधारक दुकानात जाऊन दिवसाला एकच पैज लावायचे, शंभर युआनची. त्यापुढे एक छदाम नाही.

"काका, एवढ्या अभ्यासात माणूस डॉक्टर होतो हो," दुकानदार फांग त्यांना डिवचायचा.

"मी शंभरातून पंचावन्न वेळा बरोबर येतो. असल्या डॉक्टरकडून औषध घेशील का तू?"

फांग हसायचा, पण काकांनी चिठ्ठी घेतली की मागची चार-पाच माणसं तीच चिठ्ठी मागायची. त्यांना पंचावन्नाचं काही घेणं-देणं नव्हतं. वंगकाका म्हणाले म्हणजे झालं.

एकाच खेळाडूच्या सामन्यावर काका पैज लावत नसत. तो म्हणजे यू छंग-हान, गल्लीचा आहान, बगळे संघाचा पिचर. समोरच टर्की-भाताचं दुकान चालवणाऱ्या मानवहिनींचा मुलगा. त्याचे वडील काकांचे मित्र होते. ते गेल्यावर वहिनींनी त्या एका पातेल्यावर पोराला वाढवलं, आणि काकांनी त्याला पहिला चामडी हातमोजा आणून दिला होता. मोजा दोन मापं मोठा निघाला आणि तीन वर्षं पोराच्या हातातून गळत राहिला, तो भाग वेगळा. आहानचे आकडे काका उतरवायचे, पण त्यावर पैज नाही. ते म्हणायचे, "तिथे माझा डोळा स्वच्छ नाही."

आता आहान सदतीस वर्षांचा झाला होता. खांदा बोलायला लागला होता. या रविवारी अडीच वाजता, गावच्याच मैदानावर, त्याचा शेवटचा सामना होता. बेसबॉलमध्ये सामन्याचा जय किंवा पराजय दोन्ही संघांच्या एकेका पिचरच्या नावावर लागतो, आणि त्याच्या नावावर नव्व्याण्णव विजय होते. गल्लीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. शंभर होणार की नाही?

मानवहिनी तर बुधवारपासूनच रविवारच्या तयारीला लागल्या होत्या. "भावजी, दुपारनंतर दुकान बंद," त्यांनी काकांच्या पुढ्यात वाडगा ठेवताना सांगितलं. "वर्षभर मी पाय ठेवलेला नाही त्या मैदानात. शेवटच्या दिवशी नाही गेले तर मी आई कसली?"

काका घरी आले आणि त्यांनी वह्या काढल्या. त्यांना फक्त वारा बघायचा होता. पण आहानच्या घरच्या मैदानावरच्या पराभवांवर बोट फिरवताना ते एका जागी थांबले. त्या दिवशी जेवणाच्या जागी लिहिलं होतं, 'दुकान बंद. शेवया खाल्ल्या.' मागच्या पराभवाला गेले, तर तिथेही शेवया. आणखी मागे गेले. दोन तास त्यांनी तेवीस वह्या उलथ्यापालथ्या केल्या. अकरा वर्षांत मानवहिनींनी सामन्यासाठी दुकान बंद ठेवलं होतं नऊ वेळा. नऊही वेळा आहान हरला होता.

काकांनी ते नऊ दिवस पुन्हा मोजले. हा देवदेव करणारा माणूस नव्हता. पण नऊपैकी नऊ! एकतीस वर्षांत वाऱ्यानेसुद्धा इतकं इमान कधी राखलं नव्हतं. त्यांनी स्वतःला समजावलं की आई समोर बसली की मुलाच्या खांद्यावर ओझं येत असणार. आपलंच बघा ना, केंद्रप्रमुख मागे उभा राहिला की आपण पारा चुकीचा वाचायचो. पटण्यासारखं होतं. आपलं आपल्याला पटवायला माणसाला कितीसा वेळ लागतो?

सांगावं की न सांगावं, यात गुरुवार गेला. शुक्रवारी त्यांनी वही काखेत मारली, दुकानात गेले आणि गिऱ्हाईक पांगल्यावर वहिनींना ते नऊ दिवस दाखवले. एकेका दिवसावर बोट ठेवून.

मानवहिनींनी हात पुसले. वही जवळ ओढून एकेक तारीख वाचली.

"तुमचे आकडे खोटं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या.

"आकडे खरे आहेत, वहिनी. पण जायचं की नाही ते तुम्ही..."

"नऊ वेळा त्याला मी पाडलं म्हणायचं." त्यांनी एप्रनची गाठ उगाचच सोडून परत बांधली. "राहू दे. मी दुकानातच बरी. शंभर होऊ देत त्याचे."

काकांना वाईट वाटलं, पण आपण खरं तेच सांगितलं, या समाधानावर ते झोपले. रविवारी सकाळी तर त्यांनी कधी नव्हे ते केलं. फांगच्या दुकानात जाऊन आहानच्या बाजूने शंभर युआनची चिठ्ठी घेतली. मागे अख्खी गल्ली रांगेत होती.

तीन वाजता ते टर्की-भात खायला बसले. दुकान उघडं होतं. मानवहिनी टर्कीचं मांस उभ्या-उभ्या फाडत होत्या, आणि त्यांचं फाडणं काही नेहमीचं वाटत नव्हतं. भिंतीवरच्या टीव्हीवर सामना चालू होता, पण आवाज बंद होता.

"रात्री फोन होता त्याचा," त्या पाठ न वळवता म्हणाल्या. "उद्या येतेस ना म्हणून विचारत होता. म्हटलं, दुकानात गर्दी आहे रे."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? बरं म्हणाला. खांदा दुखत असेल. तेव्हाच तर फोन करतो."

काकांचा घास हातातच राहिला. "तेव्हाच म्हणजे?"

"अहो, बरा असला की त्याला आई कशाला आठवते? खांद्याने त्रास दिला की फोन. दुखतंय म्हणून सांगणार नाही, मोठा झालाय ना! नुसतं विचारणार, आई, येतेस का? मग मी मलमाच्या पट्ट्या आणि भात घेऊन जायची. दर वेळी तसंच."

"दर वेळी? त्या नऊही वेळा?"

"नऊही वेळा. मी काय गंमत म्हणून दुकान बंद करते होय?"

वंगकाकांनी वाडगा बाजूला सारला. तेवीस वह्या, अकरा वर्षं, आणि एवढी साधी गोष्ट दिसली नाही. ही बाई गेली म्हणून तो हरत नव्हता. तो हरणार असायचा, तेव्हाच ही जायची. छत्र्या उघडलेल्या बघून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असं जर केंद्रातल्या नव्या माणसाने लिहिलं असतं, तर काकांनी त्याला गेटाबाहेर उभा केला असता.

"वहिनी, दुकान बंद करा."

"आं? रांग बघा बाहेर!"

"रांग गेली खड्ड्यात! मी चुकलो. मी गाढव आहे, वहिनी. आकडे बरोबर होते, मी उलटे वाचले. तुम्ही त्याला पाडत नव्हता. त्याचं दुखत होतं, म्हणून त्याने तुम्हाला बोलावलं. आणि आजही बोलावलंय."

मानवहिनींनी हातातलं मांस पातेल्यात टाकलं. हात एप्रनला पुसले.

"एवढी वर्षं वह्या भरून हेच शिकलात का?" त्या कडाडल्या. "आणि मीही तुमचं ऐकलं! मी त्याला खोटं सांगितलं, भावजी. गर्दी आहे म्हणून!"

रांगेतल्या माणसांना त्यांनी हाताने वाट दाखवली, डब्यात भात भरला, पट्ट्या घेतल्या, आणि सत्तर वर्षांच्या वंगकाकांच्या स्कूटरवर मागे बसल्या. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पिवळा दिवा तोडला. त्याचं समर्थन त्यांनी आजवर केलेलं नाही.

ते पोचले तेव्हा चौथा डाव चालू होता. पहिल्या बेसच्या मागे, सातव्या रांगेतली कडेची जागा ही वहिनींची नेहमीची. तिथे एक तरुण जोडपं बसलं होतं. वहिनी त्यांच्यासमोर नुसत्या डबा घेऊन उभ्या राहिल्या. जोडपं काही न विचारता उठलं.

आहानचा खांदा दुखतच होता. काकांना ते दुसऱ्याच चेंडूला कळलं. हात खाली येत होता, वेग नव्हता. पण तो डोकं लढवत होता, हळू चेंडू कोपऱ्यात ठेवत होता. बॅटर हवेत बॅट फिरवून पायात पाय अडकवून घेत होते. सहाव्या डावात बगळे एका धावेने पुढे होते. तेवढ्यात प्रशिक्षक मैदानात आले आणि त्यांनी हात पुढे केला. आहानने चेंडू त्यांच्या हातात ठेवला, म्हणजे त्याचं टाकणं संपलं, पुढे दुसरा पिचर.

सगळं मैदान उभं राहिलं. तो सावकाश चालत निघाला. पहिल्या बेसजवळ आल्यावर त्याने मान वर केली आणि सातव्या रांगेच्या कडेला बघितलं. दर वेळी बघत असणार. काकांनी ते आजवर कुठल्याच वहीत लिहिलं नव्हतं. वर्तमानपत्रात ते छापून येत नाही.

तो थांबला. त्याने टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. कमरेतून, खाली, बराच वेळ. मानवहिनींनी डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून दाखवला. भात आणलाय रे, एवढंच.

"बघा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "अजून नीट वाकता येत नाही मेल्याला."

आठव्या डावात पुढच्या पिचरने तीन धावा दिल्या आणि बगळे हरले. आहान उतरला तेव्हा संघ पुढे होता आणि हरला तो नंतर, म्हणून त्याच्या नावावर ना विजय लागला ना पराभव. नव्व्याण्णवाचे नव्व्याण्णवच राहिले. गल्लीच्या सगळ्या चिठ्ठ्या केराच्या टोपलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी फांगने काकांना हाक मारून विचारलं, "काय काका, पंचेचाळिसातला एक का?" काकांनी वर्तमानपत्र उघडलं.

काकांची वही रविवारी रात्रीच लिहून झाली होती. 'वारा नैऋत्य, मंद. दुकान तीनपासून बंद. यू छंग-हान, निकाल:' आणि पुढे कोरं. मग शेऱ्याच्या रकान्यात, गारा-धुक्याच्या जागी, डोळ्यांना दिसलं तेवढंच त्यांनी उतरवलं होतं, 'आई आली होती. त्याने टोपी काढली.'